शनिवारच्या पिवळ्या गोळीचा रिव्ह्यू (मेथोट्रेक्सेट, सात वर्षं वापरून)

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे हे वाचून कोणी आपला डोस वरखाली करू नका. मोबाइल, बूट, हेडफोन ह्यांचे रिव्ह्यू लोक चार दिवस वापरून लिहून मोकळे होतात, आणि जे औषध माणूस वर्षानुवर्षं पोटात घालतो त्याबद्दल विचारायला जावं तर दोनच प्रकारचं ऐकायला मिळतं, एक तर "विष आहे ते, आजच बंद कर" किंवा "डॉक्टर म्हणतात ना, मग घे गपचूप". माझं काम ह्या दोन्हींनी भागलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू, लांब आहे, बसून वाचा.

आजार कुठला ते थोडक्यात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपण सरसकट संधिवात म्हणतो, पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा नव्हे. ह्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. मला अडतिसाव्या वर्षी सुरू झालं. आधी पाय. सकाळी पलंगावरून उतरलं की तळव्याच्या पुढच्या भागाखाली खडे पसरल्यासारखं वाटायचं, वाटलं चप्पल बदलली म्हणून असेल. मग हात, दोन्ही हात एकदम, उजव्याला जे बोट तेच डाव्याला, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांना सूज, नखाजवळचा सांधा मात्र ठणठणीत (हे ह्या आजाराचं वैशिष्ट्य आहे असं नंतर कळलं). आणि जखडणं. सकाळी उठल्यावर दीड-दीड तास मूठच वळायची नाही. टूथपेस्टची ट्यूब मी दोन तळव्यांमध्ये धरून दाबायचे, शर्टाचं वरचं बटण मुलगी लावून द्यायची, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिला वाटायचं हा काहीतरी खेळ आहे, रोज विचारायची, "आई, आज कितवं बटण अडलं?"

अँटी-सीसीपी (ह्या आजाराची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह आलं, ईएसआर-सीआरपी (अंगात सूज किती ते सांगणारे आकडे) दोन्ही चढलेले. रुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांनी, पहिल्याच दिवशी दोन औषधं लिहिली. एक, स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, कमी डोसात आणि थोड्याच आठवड्यांसाठी. दुसरं मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, हे लांबच्या प्रवासाचं. मला अर्थातच स्टेरॉइड आवडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्यूब एका हाताने दाबली! नंतर वाचलं की १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी ह्याच आजाराच्या पेशंटला कॉर्टिसोन टोचलं होतं, पेशंट चालायला लागली आणि १९५० साली हेंचना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं. आणि मग हळूहळू सगळ्यांना बिल आलं, चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं. मलाही छोटं बिल आलंच, सहा आठवड्यांत गाल गोल झाले, रात्री अडीचला टक्क जाग आणि कपाटं आवरायची हुक्की. डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करत बंद केलं, एकदम बंद करायचं नसतं कारण बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ह्या रिव्ह्यूत स्टेरॉइड फक्त पाहुणं कलाकार आहे, मुद्दा मेथोट्रेक्सेटचा.

तर मेथोट्रेक्सेट. पाकीट उघडलं आणि आतला तो घडीघडीचा कागद वाचला, ही पहिली चूक. नंतर नाव नेटवर टाकलं, ही दुसरी. पहिल्याच ओळीत कॅन्सर. खरं आहे ते, हे औषध जन्माने कॅन्सरचंच, १९४० च्या दशकात लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ह्याच घराण्यातलं औषध वापरलं गेलं, आणि संधिवातासाठी अमेरिकेत रीतसर मंजुरी मिळाली १९८८ मध्ये. पण डोसात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅन्सरमध्ये काही उपचारांत एका वेळी शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅम देतात, आमच्याकडे आठवड्याला साडेसात ते पंचवीस. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, तरी रात्री अंथरुणात नवऱ्याला म्हटलंच, "अरे मला किमो देतायत." तो म्हणाला, "उद्या परत विचार त्यांना." झोपला. मी नाही झोपले.

आता ह्या औषधाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी डब्यावर लाल अक्षरात लिहायला हवी: आठवड्यातून एकदा. रोज नाही. एकदा. आपल्याला गोळी म्हटलं की रोजची सवय असते आणि ही रोज घेतली गेली तर रक्तपेशी कोसळून जीवावर बेतू शकतं, असं झालेलंही आहे. माझ्या बाबतीत थोडक्यात वाचलं. तिसऱ्या महिन्यात औषधं आणली तर पाकिटावर मेडिकलवाल्याने पेनने लिहिलेलं, "१ रोज रात्री". घाईत त्याची फॉलिक अॅसिड (मेथोट्रेक्सेटच्या जोडीला दिलेलं व्हिटॅमिन) आणि मेथोट्रेक्सेटची अदलाबदल झाली असणार. दोन्ही बारीक गोळ्या, दोन्ही पिवळट. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वाराचं नाव अक्षरात लिहिलं होतं, "फक्त शनिवार", म्हणून माझ्या लक्षात आलं, नाहीतर मी ती रोज घेतलीच असती, कशाला खोटं बोलू. तेव्हापासून गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारते. आणखी एक, ही गोळी अडीचमध्ये मिळते आणि दहामध्येही, सारख्याच दिसू शकतात, त्यामुळे "चार गोळ्या घेते" असं कोणालाही सांगू नका, मिलिग्रॅम सांगा.

पॅकिंगबद्दल आत्ताच बोलून घेते कारण त्याचा राग मला वेगळा आहे. ज्या माणसाचा अंगठा सुजलाय त्याच्यासाठीचं औषध कडक फॉइलच्या पाकिटात, अंगठ्याने दाबून फोडायचं. कोणाच्या डोक्यातून निघालं हे? पहिल्या महिन्यात गोळी काढताना दोनदा उडून कपाटाखाली गेली आणि घरात लहान मूल, म्हणून मी वाकून, टॉर्च लावून, ती सापडेपर्यंत शोधत बसले. आता कात्रीने कडेला चीर देते आणि बशीत पाडते. डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये भेटलेल्या एका आजींच्या युक्तीवरून सुचलं हे, त्या चमच्याच्या दांड्याने फोडायच्या. पॅकिंगला पाचपैकी शून्य, आणि एक दिला तर तो त्या आजींना.

काम करतं का? करतं, पण घाई असणाऱ्याने ह्याच्या वाटेला जाऊ नये. सहा ते बारा आठवडे लागतात असं सांगितलं होतं. पहिला महिना काहीच नाही. दुसरा महिना, काहीच नाही, वर मळमळ. मी मनात म्हटलं, छान, फायदा उधार आणि तोटा रोख. मग नवव्या का दहाव्या आठवड्यात एक दिवस आंघोळ करून कपडे घालून बाहेर आले आणि मुलगी दारात उभी, "आई, बटण?" आणि मी खाली बघितलं तर सगळी बटणं लावलेली. कधी लावली मला आठवतच नव्हतं. ती जरा हिरमुसली, तिचं काम गेलं. तर इफेक्टबद्दल माझी काही तक्रार नाही. दीड तासाचं जखडणं वीस मिनिटांवर आलं, सीआरपी उतरलं.

आता रविवार. शनिवारी रात्री गोळ्या घेतल्या की रविवार माझा नसायचा. सकाळी उठल्यापासून डोकं कापूस भरल्यासारखं, एखादा शब्द तोंडाशी येऊन अडायचा, मळमळ, अंगात त्राण नाही. सोमवारी ऑफिस म्हणून शनिवार रात्र निवडली, म्हणजे मी सुट्टीचा दिवस औषधाला भाड्याने दिला. डोस दहावरून पंधरा, पंधरावरून वीस झाला तशी मळमळ वाढली आणि मग तर एक गमतीशीर प्रकार सुरू झाला (तेव्हा गंमत वाटत नव्हती), गोळी नुसती दिसली तरी उमासा यायचा. शनिवारी संध्याकाळी दिवे लागले की सुरू. त्या पिवळ्या रंगाची मला इतकी शिसारी बसली की एक पिवळा कुर्ता मी वाटून टाकला. डॉक्टरांना सांगायची लाज वाटत होती, वाटलं म्हणतील मनाचे खेळ, पण ते म्हणाले ह्या औषधात असं पुष्कळ जणांना होतं, शरीर आधीच धसका घेतं.

शिवाय तोंड यायचं, जिभेच्या कडेला बारीक फोड, आणि केस. केसांचं म्हणाल तर टक्कल वगैरे पडत नाही, विरळ होतात, पण कंगव्यात रोज जो गुंता निघतो तो बघून बाईमाणसाचं काय होतं ते बाईमाणसालाच कळेल. फॉलिक अॅसिड ह्यासाठीच असतं. मेथोट्रेक्सेट शरीरात फॉलेटच्या कामात आडवं पडतं, त्याची भरपाई वरून करायची, मग तोंड येणं, मळमळ, लिव्हरचा त्रास कमी होतो. मी ते आठवणीने घेत नव्हते, कारण मला वाटायचं ही काय, व्हिटॅमिनची गोळी. नियमित घ्यायला लागल्यावर तोंड येणं जवळजवळ थांबलं. केस मात्र आपल्या मर्जीने.

आणि मग मी जे केलं ते लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धा राहील. सव्वा वर्षानंतर, सांधे शांत, बटणं लागतायत, रविवार मात्र फुकट आणि केस अर्धे, अशा एका रविवारी मी ठरवलं की बास. कोणाला सांगितलं नाही. कॅलेंडरवर शनिवारी फुली मारायचे आणि गोळी घ्यायचे नाही. हो, फुली मारायचे. नवरा बघतो ना कॅलेंडर. पहिले चार-पाच आठवडे स्वर्ग, रविवारी सकाळी डोकं स्वच्छ, मुलीबरोबर पत्ते खेळले, मला वाटलं बघा, गरजच नव्हती, आजार गेलाय. तो गेला नव्हता, जुन्या डोसांचा अंमल ओसरायला तेवढा वेळ लागतो इतकंच. सातव्या आठवड्यात उजवं मनगट सुजलं. मग मी दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या, रोज, दोन-दोन. दुखणं दबायचं. माझ्या डोक्यातला हिशेब असा की दुखत नाही म्हणजे नुकसान होत नाही. ह्याच एका चुकीच्या वाक्याची किंमत मी अजून देतेय. दुखण्याच्या गोळ्या ठणका मारतात, आजार आत आपलं काम करत राहतो, वर पोटात जळजळ आणि बीपी वाढलं ते वेगळंच.

चार महिन्यांनी गुपचूप डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला. पहिल्या एक्स-रेत मनगटाची करंगळीकडची कड गुळगुळीत होती, नव्यात तिथे बारीकसा खड्डा, उंदराने बिस्कीट कुरतडावं तसा. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडासमोर शेजारी शेजारी धरल्या आणि काही बोलले नाहीत. मी विचारलं, "हे भरून येईल का?" म्हणाले, "पुढे वाढू नये एवढं बघू." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "तुम्हाला कुठल्या साइड इफेक्टची भीती वाटत होती, आणि कुठला खरोखर होत होता?" मी म्हटलं, भीती लिव्हरची, होत होती मळमळ आणि केस. "मग गोळ्या बंद केल्यावर रक्त तपासलंत?" नाही. "त्याच्या आधी शेवटचं कधी?" पाच महिने झाले होते, मीच टाळत होते, सुईचा कंटाळा आणि रिपोर्टची भीती. म्हणजे बघा, जे आरशात दिसत होतं त्यासाठी मी औषध सोडलं, आणि ज्याची भीती होती ते एका रक्त तपासणीत कळलं असतं तर ती तपासणीच करत नव्हते. मळमळ, केस, तोंड येणं, ह्यांचा त्रास खरा आहे, मी कमी लेखत नाही, पण ते बोलतात, ओरडून सांगतात, आणि त्यांच्यावर उपाय असतात. लिव्हर आणि रक्तपेशी बहुतेक वेळा चूप असतात. त्यांना विचारावं लागतं, आणि विचारायची पद्धत म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (लिव्हरची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची). क्रिएटिनिन अशासाठी की हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी मंदावली तर ते अंगात साठतं. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, मग स्थिर झालं की साधारण तीन महिन्यांनी. मी आता तारखा मोबाइलवर अलार्म लावून पाळते.

आणि ह्या तपासणीचा उपयोग झालाही. चौथ्या वर्षी एसजीपीटी ९६ आला, लॅबच्या कागदावर ४० च्या आत हवा होता. हात गार पडले. डॉक्टरांनी शांतपणे डोस कमी केला, मधल्या काळात मी सर्दीतापासाठी स्वतःच्या मनाने कुठल्या गोळ्या घेतल्या, दारू वगैरे घेते का, ते सगळं विचारलं, महिन्याने परत तपासलं, ३४. मग डोस हळूहळू वर. एवढंच. ज्या लिव्हरचा मी एवढा धसका घेतला होता ते प्रकरण दोन रिपोर्टमध्ये मिटलं.

काही गोष्टी मात्र अशा आहेत ज्यात शांत वगैरे राहायचं नाही. कोरडा खोकला, दम लागणं, ताप, हे नव्याने सुरू झालं तर पुढच्या शनिवारची वाट बघायची नाही, औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, फुप्फुसाला सूज येणं विरळ आहे पण येते. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तर गोळी घ्यायच्या आधी फोन. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की पहिलं वाक्य "मी मेथोट्रेक्सेट घेते", कारण मला एकदा लघवीच्या इन्फेक्शनसाठी एका ठिकाणी कोट्रायमोक्साझोल नावाचं अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, ते आणि हे एकत्र घेतलं तर रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात, मी हे वाक्य बोलले म्हणून त्यांनी तिथल्या तिथे खोडून दुसरं लिहिलं. आणि ज्यांना मूल हवंय त्यांनी हे आधीच डॉक्टरांशी बोलायचं, पोटातल्या बाळाला ह्या औषधाने इजा होते, काही महिने आधी बंद करून बदली औषध ठरवावं लागतं. दिवस गेल्यावर सांगू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

मळमळीवर शेवटी उपाय निघाला तो इंजेक्शनचा. मला कोणी आधी सांगितलं असतं तर! म्हणजे सांगितलं होतं बहुतेक, मीच "टोचून घ्यायचं?" म्हणून कानाआड केलं असणार. पंधरा मिलिग्रॅमच्या वर गेलं की गोळीतलं औषध आतड्यातून पूर्ण शोषलं जात नाही, तेच कातडीखाली टोचलं तर जास्त पोचतं आणि पुष्कळ जणांना पोटाचा त्रासही कमी होतो. मी पेन घेतलं, तयार डोस भरलेलं. मांडीवर टेकवायचं, दाबायचं, टक्, मनात दहा आकडे मोजायचे, झालं. पहिल्यांदा वीस मिनिटं पेन हातात धरून बसले होते. आता मुलगी आकडे मोजते, मुद्दाम सावकाश. हे औषधही पिवळंच असतं, छोट्या खिडकीतून दिसतं, पण ती खिडकी मी बोटाने झाकते आणि पोटाला पत्ता लागत नाही. उमासे महिन्याभरात गेले. रविवार पूर्ण परत मिळाला असं नाही, दुपारपर्यंत जरा ढगाळ असतं, पण दुपारनंतरचा माझा. एक तक्रार, पेनचं टोपण. घट्ट. पुन्हा तेच, सांध्यांच्या पेशंटला घट्ट टोपण. दाराच्या फटीत धरून ओढते.

बाकी मंडळींबद्दल पटकन. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन नंतर जोडलं, मूळचं मलेरियाचं औषध, माझ्या अंगाला सगळ्यात सोसणारं, फक्त डोळ्याच्या पडद्यावर वर्षानुवर्षांनी परिणाम होऊ शकतो म्हणून डोस वजनावर ठरतो, किलोमागे रोज पाच मिलिग्रॅमच्या आत. माझं वजन ६२, म्हणून एक दिवस २०० आणि एक दिवस ४००. सुरुवातीला एकदा डोळे दाखवायचे, आणि साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी, त्यात पडद्याचा स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची (व्हिज्युअल फील्ड) तपासणी असते. मधे वजन दहा किलो घटलं तर डोस परत विचारा, हे कोणी आपणहून विचारत नाही. सल्फासॅलाझिन गेल्या वर्षी जोडलं आणि दुसऱ्या दिवशी लघवी केशरी. मी बाथरूममधूनच ओरडले! निरुपद्रवी आहे, पण आधी सांगायला काय जातं? जाता जाता, मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दुसऱ्या आजारांकडून उसनी आणलेली असली तरी हे सल्फासॅलाझिन मात्र आपलं स्वतःचं, स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरबाईंनी १९४० च्या आसपास मुळात संधिवातासाठीच घडवून घेतलं होतं.

सध्या चर्चा बायोलॉजिकची, म्हणजे प्रतिकारशक्तीतला एखादाच नेमका दुवा अडवणाऱ्या इंजेक्शनांची, चालू आहे. डॉक्टर दर वेळी २८ सांधे दाबून मोजतात, मागच्या वेळी दोन सुजलेले निघाले, त्यातलं एक ते उजवं मनगट. बायोलॉजिकच्या आधी टीबीची तपासणी लागते, कारण टीएनएफ (सूज पेटवणारं शरीरातलं एक प्रथिन) अडवणाऱ्या इंजेक्शनांनी शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. ती करून घेतली, निगेटिव्ह आहे. गोळीच्या रूपातली नवी औषधंही आहेत, टोफासिटिनिब वगैरे, त्यांच्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये हृदयविकार, कॅन्सर आणि रक्ताच्या गाठींबद्दल कडक इशारा छापायला लावला. हे ऐकून पूर्वीची मी घरी येऊन नेटवर बसले असते. ह्या वेळी वही घेऊन गेले आणि तिथेच विचारलं, हा धोका जास्त कोणाला? म्हणाले, पासष्टी ओलांडलेले, सिगारेट ओढणारे, आधीच हृदयाचा त्रास किंवा धोका असलेले. मग विचारलं, काहीच नवीन नाही घेतलं तर ह्या मनगटाचं तीन वर्षांत काय होईल? हा प्रश्न मी पूर्वी कधी विचारलाच नव्हता, औषधाचा कागद वाचायचे पण आजाराला कुठे कागद असतो. ठरलं असं की सल्फासॅलाझिनला अजून तीन महिने द्यायचे, मग पुन्हा एक्स-रे, खड्डा तेवढाच असेल तर आहे तेच, वाढला असेल तर बायोलॉजिकचं इंजेक्शन. मला घाई नाही, पण फुल्या आता खऱ्या मारते.

वही म्हणजे फार काही नाही. एका पानावर आठवड्याचे सात चौकोन, प्रत्येकात दोन आकडे, सकाळी किती मिनिटं जखडलं आणि औषधाने दिवसाचे किती तास खाल्ले. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की "मला फार त्रास होतो" ह्या वाक्याच्या जागी "महिन्यात चौदा तास" असं काहीतरी सांगता येतं, डॉक्टरही मग चौदाचे आठ कसे होतील ते बघतात. बंद केलेल्या त्या चार महिन्यांचं पान मी नंतर आठवून भरलं. शेवटच्या महिन्यात औषधाने खाल्लेले तास शून्य, जखडलेले जवळजवळ साठ.

लोकांचे सल्ले मोजायचे सोडले. एका लांबच्या काकूंनी फोनवर सांगितलं, "अगं, कॅन्सरची औषधं कसली घेतेस, एवढं काय दुखतंय तुला?" मी म्हटलं, "काकू, औषध घेते म्हणून दुखत नाही." त्यांनी मग हवापाण्याची चौकशी केली.

तर स्टार. कामाला पाचपैकी साडेचार. वेगाला दोन. गोळीच्या रूपात सोसण्याला दोन, इंजेक्शनला साडेतीन. पॅकिंगचं वर लिहिलंय. पुन्हा घ्याल का ह्या रकान्यात हो.

काल शनिवार होता. हे रविवारी सकाळपासून लिहितेय, मधे दोनदा आडवी पडले, त्यामुळे कुठे वाक्य भरकटलं असेल तर सांभाळून घ्या, दोननंतर वाचून दुरुस्त करेन.